अठ्ठावीस दिवसांचा महिना



स्वाध्याय संपला की बस्तीच्या कट्ट्यावर पाच-दहा मिनिटं आपल्या घरगुती गप्पा होतातच. हल्ली त्यात एक प्रश्न हमखास येतो. "तुमचं कार्ड कुठल्या कंपनीचं? तुम्हाला रिचार्ज कितीला पडतो?" मग एक म्हणते आमचं स्वस्त, दुसरी म्हणते छे, आमचं त्याहून स्वस्त. आकडे सगळ्या सांगतात, पण एक दोनशेचा आकडा सांगते, दुसरी साडेचारशेचा, तिसरी अठराशेचा. तुलना काही होत नाही आणि आपण आपापल्या घरी स्वयंपाकाला लागतो.

आपल्यापैकी अनेकींचा रिचार्ज मुलगा, सून नाहीतर नातू करतो. किती दिवसांचा केला, त्यात काय मिळतं, कधी संपतो, हे आपल्याला माहीत नसतं. दुधाचा, गॅसचा, किराणाचा हिशोब आपण पैशापैशाने ठेवतो आणि फोनचा मात्र "मुलगा बघतो" म्हणून सोडून देतो. कॉलेजात कॉमर्स शिकले ते घरच्या वहीतच वापरलं. त्याच वहीत यावेळी फोनचे दर मांडले. ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आज कंपन्या आपल्याला विकतात काय?

पूर्वी बोलण्याचा दर असायचा. एसटीडी बूथचे दिवस आठवा. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून माहेरी फोन करायला तेवढ्या रात्री रांग असायची आणि काचेच्या खोलीतल्या त्या लाल आकड्यांवर नजर ठेवून बोलायचं. ३१ जुलै १९९५ ला आपल्या देशात पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा तर गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांच्या वर दर होता, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांची 'लाइफटाइम' कार्डं आली. एकदा पैसे भरा, फोन येत राहतील. आपल्या सासवांच्या हातात मोबाइल आला तो खरा तेव्हा. २००६ मध्ये एक रुपया मिनिटात देशभर बोलता येऊ लागलं. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर काढला आणि बाकीच्यांनाही मागोमाग यावं लागलं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि बोलण्याचे वेगळे पैसेच राहिले नाहीत.

इथपर्यंतचं सगळ्यांना आठवतं. त्यानंतरची गोष्ट मात्र पुष्कळजणींच्या लक्षात आली नाही. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला. तेव्हा तो अठ्ठावीस दिवसांना ३५ रुपये होता. रिचार्ज केला नाही तर आधी जाणारे फोन बंद, आणि काही दिवसांनी येणारेही बंद. म्हणजे 'लाइफटाइम' संपलं. आज आपण बोलण्याचे पैसे देत नाही. दिवसभर बोला किंवा तोंडातून शब्द काढू नका, पैसे तेवढेच. पैसे लागतात ते आपला फोन दुसऱ्याला लागावा यासाठी, आणि ते दिवसावर लागतात.

म्हणून मिनिटाचा दर विचारण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. विचारायचं ते हे: एका दिवसाला किती पडतात, आणि कुठल्या तारखेला संपतं.

तारीख का महत्त्वाची, ते आमच्या थोरल्या वन्संच्या अनुभवावरून सांगते. त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

वन्सं शिरोळ तालुक्यात गावी एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे. बटणांचा साधा फोन. त्या स्वतःहून कुणाला फोन करत नाहीत, आलेला घेतात. त्यांच्या वयाच्या बहुतेक बायका अशाच. रिचार्ज नातू करायचा. तो नोकरीसाठी परगावी गेला आणि त्या गडबडीत एक रिचार्ज राहिला. कंपनीचे आठवणीचे संदेश वन्संच्या फोनवर येत होते, पण इंग्रजीत. त्या वाचणार कशा? जाणारे फोन बंद झाले ते त्यांना कळलं नाही, कारण त्या फोन लावतच नव्हत्या. मग येणारेही बंद झाले. तेही कळलं नाही. फोन चार्ज होत होता, दिवा लागत होता, घड्याळ दिसत होतं. वाजत नव्हता इतकंच. वन्संना वाटलं, सगळी आपापल्या व्यापात आहेत.

नेमक्या त्याच दिवसांत निपाणीला त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी सल्लेखना घेतली. दोघी चाळीस वर्षं एका चुलीवर रांधलेल्या. पुढे घराच्या वाटणीवरून बिनसलं आणि सात-आठ वर्षं बोलणं नव्हतं. सल्लेखनेत क्षपक सगळ्यांची क्षमा मागतो, सगळ्यांना क्षमा करतो. जाऊबाईंनी एकेकाचं नाव घेतलं. वन्संचं नाव पहिलं घेतलं. त्यांच्या मुलाने फोन लावला. लागला नाही. हिंदी-इंग्रजीत कसलीशी टेप वाजायची. दुसऱ्या दिवशी लावला, तिसऱ्या दिवशी लावला. तिकडे सगळ्यांची समजूत झाली की काकूंनी राग धरून फोन बंद ठेवलाय. जाऊबाईंच्या कानावर ते गेलं. त्या इतकंच म्हणाल्या, "तिचाही दोष नाही."

चौथ्या दिवशी निपाणीच्या कुणीतरी गावच्या बस्तीतल्या उपाध्यांना फोन केला. ते देवपूजा आटोपून तसेच वन्संच्या दारात गेले. शेजारच्या मुलाने गाडी काढली. वन्सं पोहोचल्या तोवर जाऊबाईंचं बोलणं थांबलं होतं. डोळे उघडे होते. वन्सं णमोकार म्हणत त्यांचा हात हातात धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे समाधी झाली.

वन्सं आजही म्हणतात, "मी आले हे तिनं पाहिलं. पण चार दिवस ती काय समजून राहिली असेल?"

दोनशे रुपयांची गोष्ट होती, मैत्रिणींनो. वाटणीचा राग दोघींच्या मनातून केव्हाच गेला होता. मध्ये उभी राहिली ती एक संपलेली तारीख. त्यानंतर मी फोनच्या रिचार्जला किरकोळ खर्च म्हणणं सोडलं.

आता वही उघडू या.

सर्वांत जास्त खपतो तो अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा एअरटेलचा सगळ्यात लहान अठ्ठावीस दिवसांचा १७९ वरून १९९ झाला, जिओचा १५५ चा १८९ झाला. दोन्हींत बोलणं अमर्याद आणि थोडा डेटा. ऐकायला महिन्याला दोनशे. पण अठ्ठावीस दिवस म्हणजे महिना नव्हे. ३६५ ला २८ ने भागून पाहा, तेरा येतात. वर्षात महिने बारा आणि रिचार्ज तेरा! १९९ चे तेरा म्हणजे २,५८७ रुपये. १८९ चे तेरा म्हणजे २,४५७. दिवसाला अनुक्रमे सात रुपये अकरा पैसे आणि पावणेसात रुपये.

आता दुसरा प्रकार बघा. हा खास आपल्या वडीलधाऱ्यांच्या कामाचा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना सांगितलं की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले रिचार्जही ठेवा. अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायलाही परवानगी दिली. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर काढले, आणि लगेच थोडे कमीही केले. कमी केल्यानंतरचे आकडे असे:

जिओ: ८४ दिवसांना ४४८ रुपये आणि ३३६ दिवसांना १,७४८ रुपये.

एअरटेल: ८४ दिवसांना ४६९ आणि ३६५ दिवसांना १,८४९.

व्होडाफोन-आयडिया: ८४ दिवसांना ४७० आणि ३६५ दिवसांना १,८४९.

सगळ्यांत बोलणं अमर्याद, सोबत काही शे ते काही हजार एसएमएस.

आता तुम्ही सांगा, वर्षाचा कुठला स्वस्त? नुसता आकडा बघितला तर १,७४८ हा १,८४९ पेक्षा एकशे एक रुपयांनी स्वस्त. दुकानात उभी असलेली कोणीही तोच उचलेल. पण दिवस बघा. एक ३३६ दिवसांचा आहे आणि दुसरे ३६५ दिवसांचे. ३३६ म्हणजे अठ्ठावीसचे बारा, म्हणजे वर्षाला एकोणतीस दिवस कमी. १,७४८ ला ३३६ ने भागलं की दिवसाला पाच रुपये वीस पैसे येतात. १,८४९ ला ३६५ ने भागलं की पाच रुपये सात पैसे. म्हणजे दिसायला महाग तोच दिवसाला स्वस्त! त्या पाच रुपये वीस पैशांच्या दराने पूर्ण वर्ष काढलं तर १,८९९ रुपये लागतात. पन्नास रुपये जास्त.

८४ दिवसांचं मात्र उलट आहे. ४४८ चा दिवसाला पाच रुपये तेहतीस पैसे, ४६९ चा पाच रुपये अठ्ठावन्न आणि ४७० चा पाच रुपये साठ. तिथे जिओ स्वस्त. म्हणून "अमुक कंपनी स्वस्त" असं सरसकट बोलताच येत नाही. एकाच कंपनीचा एक रिचार्ज स्वस्त असतो आणि दुसरा महाग. पाटीवरच्या रकमेला दिवसांनी भागायचं. एवढं एकच गणित ध्यानात ठेवा. हे दर पुढेमागे बदलतील, भागाकार बदलणार नाही.

वर्षाचा एकदम भरला तर काय वाचतं तेही पाहू. १९९ चे तेरा रिचार्ज २,५८७. वर्षाचा १,८४९. फरक ७३८ रुपयांचा. घरात दोन वडीलधारे असतील तर जवळपास दीड हजार. आणि पैशापेक्षा मोठा फायदा असा की वर्षात तेरा वेळा तारीख चुकण्याची भीती असते, ती एकदाच उरते. वन्संच्या फोनवर आता वर्षाचाच रिचार्ज आहे.

"पण मग व्हॉट्सॲप?" असं तुम्ही विचाराल. घरात वायफाय असेल तर नुसत्या बोलण्याच्या रिचार्जवरही घरात व्हॉट्सॲप चालतं, बस्तीच्या ग्रुपवरचे विहाराचे, प्रवचनाचे निरोप येतात. घराबाहेर पडल्यावर तेवढं बंद. ज्या बहुतेक वेळ घरीच असतात त्यांना ते चालण्यासारखं आहे. ज्या प्रवास करतात, दुकानात बसतात, फोनवरून पैसे देतात-घेतात, त्यांनी डेटाचाच घ्यावा. गरजेपुरतं असावं, एवढंच.

इथे मला आपलं भोगोपभोग परिमाण व्रत आठवतं. आपण दशलक्षणात हिरव्या भाज्यांची संख्या ठरवतो, रस सोडतो, वस्त्रांची मर्यादा घालतो. रत्नकरंडक श्रावकाचारात एकदा भोगून संपतो तो भोग आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, असा भेद सांगितला आहे. त्या हिशोबाने हातातला फोन उपभोग आणि रोजचा दीड जीबी डेटा भोग. रात्री बारा वाजले की उरलेला संपला, उद्याला शिल्लक नाही. मग मनात येतं, पैसे भरलेत तर वापरून टाकू. जेवण झाल्यावर ताटात उरलंय म्हणून खाण्यासारखंच हे. नको असलेला डेटा विकत घ्यायचा आणि मग तो वाया जाऊ नये म्हणून रात्री अकरापर्यंत रील्स बघायच्या. पैसे गेले ते गेले, सामायिकाची वेळही गेली.

व्रतात मर्यादा आधी ठरवायची असते आणि मग वस्तू. रिचार्जचंही तसंच करायला हवं. आधी स्वतःला विचारा, मला किती लागतं? बोलणं किती, बाहेर असताना इंटरनेट किती? ते ठरलं की मग तीन कंपन्यांचे दर बघा. आपण नेमकं उलटं करतो. दुकानदार जो सांगेल तो घेतो आणि मग गरज त्याच्या मापाची करून घेतो.

मापावरून आणखी एक. आपली घरं व्यापाराची. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आहे, घ्यायचं माप मोठं आणि द्यायचं माप लहान ठेवणं. जुन्या दुकानांतून शेर, अधोली, पायलीची मापं असत. मापाला पोचा पडला तर जुनी माणसं ते बाजूला ठेवत, गिऱ्हाईकाला त्यातून धान्य देत नसत. अठ्ठावीस दिवसांचा महिना बघितला की मला ते पोचा पडलेलं माप आठवतं. कंपन्या दिवस लिहून देतात, लपवत नाहीत, त्यामुळे कायद्याने यात चूक काही नाही. पण पगार महिन्याचा, पेन्शन महिन्याची, भाडं महिन्याचं आणि फोनच तेवढा अठ्ठावीस दिवसांचा, यात गिऱ्हाईकाची सोय नक्कीच नाही. ट्रायलाही ते खटकलं असावं. जानेवारी २०२२ च्या आदेशाने प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा निदान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला करता येईल असा निदान एक रिचार्ज ठेवावा लागतो. दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. विचारलं की मिळतो. ज्यांना पेन्शन आली की रिचार्ज करायचा आहे, त्यांना तारीख लक्षात ठेवायला तो सोपा. पैशांचा हिशोब मात्र तिथेही दिवसांनी भागूनच करायचा.

आणखी काही गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात अशा आहेत.

एक, नुसतं स्वस्त म्हणून कंपनी बदलू नका. आधी घरात, माजघरात, शेतावर रेंज येते का ते पाहा. शेजारणीचा त्या कंपनीचा फोन स्वयंपाकघरात आणून एक कॉल लावून बघा. दिवसाला पंचवीस पैसे वाचले आणि बोलायला अंगणात यावं लागलं तर काय उपयोग? वयस्कर माणसाला पावसात अंगणात उभं राहायला लावणारा फोन स्वस्त नसतो. बीएसएनएलचे दर बऱ्याचदा कमी असतात, तिथेही आधी रेंज, मग दर.

दोन, नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. २०११ पासून देशभर ही सोय आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, एक जागा सोडून, आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करायचा. आठ अक्षरांचा एक कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो कोड आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आताच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असावे लागतात. जुन्या कार्डातली शिल्लक आणि रिचार्जचे उरलेले दिवस सोबत येत नाहीत. म्हणून वर्षाचा रिचार्ज भरल्यावर महिन्याभरात कंपनी बदलायचा विचार करू नका. आधी ८४ दिवसांचा घेऊन पाहा, पटला तर वर्षाचा भरा.

तीन, रिचार्ज संपला म्हणून नंबर लगेच जात नाही. नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. कार्डात वीस रुपये शिल्लक असतील तर तसा बंद करता येत नाही. पण नंबर राखला जाणं वेगळं आणि फोन लागणं वेगळं. वन्संचा नंबर शाबूत होता, फोन लागत नव्हता. आणि नंबर एकदा कायमचा बंद झाला की काही काळाने तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. बँकेचा, पेन्शनचा, आधारचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, हे ध्यानात असू द्या.

चार, जाहिरातीतल्या दराऐवजी आपल्या नंबरला लागू असलेला दर बघा. मुंबईचं मंडळ वेगळं आहे, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. काही रिचार्ज एका मंडळात असतात, दुसऱ्यात नसतात. सगळ्या कंपन्यांचे दर ट्रायच्या संकेतस्थळावर एका जागी पाहता येतात. नातवंडांना सांगा, दाखवतील.

पाच, घरातल्या सगळ्या नंबरांची एक यादी करा. नाव, नंबर, कंपनी, कितीचा रिचार्ज, कधी केला, कधी संपतो. माझी कॅलेंडरच्या मागे चिकटवलेली आहे. संपण्याच्या तारखेच्या चार दिवस आधी कॅलेंडरवर खूण करते, एकादी तिथी किंवा अष्टमी-चतुर्दशीचा उपवास लक्षात ठेवावा तशी. दुकानात रिचार्ज केला तर तिथल्या मुलाला कागदावर तारीख लिहून द्यायला सांगायचं. लाजायचं नाही. पैसे आपण देतो, पावती मागणं आपला हक्क आहे.

घरात साधारण तीन प्रकारचे फोन असतात. वडीलधाऱ्यांचा येणाऱ्या फोनांचा, आपला थोडं बोलणं आणि थोड्या व्हॉट्सॲपचा, आणि मुलांचा कामाचा. मुलांचा त्यांचा त्यांना ठरवू द्या. आपला आपण ठरवू. वडीलधाऱ्यांचा मात्र कुणीतरी एकाने नाव घेऊन आपल्याकडे घ्यायला हवा. "कोणीतरी करेल" म्हटलं की कोणीच करत नाही.

भाद्रपदात दशलक्षण येईल. अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणीला आपण सगळ्यांना फोन करतो, "उत्तम क्षमा" म्हणतो. हल्ली पुष्कळजणी एकच चित्र शंभर जणांना पाठवून मोकळ्या होतात. ते ज्यांना दिसतं त्यांना दिसतं. ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे त्यांना दिसत नाही. त्यांना आपला आवाजच पोहोचवावा लागतो. बोलण्याला आता वेगळे पैसे पडत नाहीत. अर्धा मिनिट बोला किंवा अर्धा तास.

म्हणून या चातुर्मासात एक छोटासा नियम घेऊ या. तो फार कठीण नाही. नात्यातली, शेजारची, बस्तीतली एखादी वयस्कर एकटी बाई निवडायची. तिच्या फोनवर तिच्यासमोर एक कॉल लावून बघायचा. वाजला तर उत्तम. नाही वाजला तर रिचार्ज करून द्यायचा आणि संपण्याची तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहायची. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत वात्सल्य आहे. दिवसाला पाच रुपयांत ते आचरता येत असेल तर याहून स्वस्त दर कुठल्या कंपनीकडे मिळणार?

जय जिनेंद्र.